‘२०२१ लाही इथं पाणी आलं नव्हतं’: महाड-पोलादपूरकडे घर बांधण्याआधी पुराची चौकशी कशी करावी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पोलादपूर तालुक्यात वडिलोपार्जित दहा गुंठे जागा आहे. मागे डोंगर, पुढे दीडशे पावलांवर नदी, डाव्या अंगाने एक वहाळ, म्हणजे डोंगरातून उतरणारा ओढा, आणि मध्ये छान सपाटी. मुंबईतून निवृत्त झाल्यावर तिथं घर बांधायचं मनात आहे. गावचे चुलते म्हणतात, ‘२०२१ ला एवढा महाड बुडाला, पण आपल्या जागेत पाणी आलं नाही.’ तेवढ्यावर विश्वास ठेवावा का, पुराचा खरा इतिहास कुठं मिळेल आणि सरकारी नकाशा बघून काम होईल का, असं तुम्ही विचारलं आहे.

मी सत्तावीस वर्षं कोकणातल्या नद्यांचे छेद घेण्याचं, पूरखुणा मोजण्याचं काम करतो आहे. तुमची जागा पाहिल्याशिवाय बांधा किंवा बांधू नका असं सांगणार नाही. पण चुलत्यांचं वाक्य शंभर टक्के खरं असलं तरी ते अपुरं आहे. डोंगरी तालुक्यात ‘पूर’ या एका शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी येतात. नदी चढते, वहाळ फुटतो आणि डोंगर खाली येतो. चुलते पहिल्या गोष्टीबद्दल बोलत आहेत. तुमच्या जागेचं वर्णन वाचून मला काळजी वाटते ती दुसरीची आणि तिसरीची.

आधी नदीचं बघू, कारण ते त्यातल्या त्यात सोपं आहे.

सावित्री महाबळेश्वरला उगम पावते. घाटमाथा समुद्रसपाटीपासून चौदाशे मीटरच्या आसपास. तिथून पोलादपूर सरळ रेषेत वीस-बावीस किलोमीटर आणि महाड तीसेक किलोमीटर. महाड हे जुनं बंदर, तिथपर्यंत खाडीची भरती पोचते. म्हणजे चौदाशे मीटरवरून समुद्राच्या पातळीपर्यंतचा सगळा उतार नदी एवढ्याशा अंतरात उतरते. देशावरच्या नदीला पूर यायचा तर वरच्या धरणाचा विसर्ग, मग दिवसभराचा प्रवास, मग इशारा, असा वेळ हाताशी असतो. इथं रात्री दोनला घाटमाथ्यावर पडलेलं पाणी पहाटे तुमच्या दारात असतं.

म्हणून या खोऱ्यातल्या माणसाने आपल्या अंगणातला पाऊस बघून पुराचा अंदाज बांधू नये. पाऊस महाबळेश्वरचा आणि पूर पोलादपूरचा, असं इथलं गणित आहे. २२ जुलै २०२१ ला महाड बुडालं त्या दिवसांत महाबळेश्वरला २३ तारखेच्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. पुण्याला अख्ख्या वर्षात जेमतेम सातशे-साडेसातशे पडतो, त्यावरून कल्पना करा. तुमच्या महसूल मंडळाच्या (तालुक्यातल्या काही गावांच्या गटाच्या) ठिकाणचं पर्जन्यमापक खाली सखल भागात असतं. त्याचा आकडा आणि वरच्या कड्यावर प्रत्यक्ष पडलेला पाऊस यात दुपटीचा फरक पडलेला मी पाहिला आहे. कृषी विभागाच्या ‘महारेन’ संकेतस्थळावर मंडळनिहाय पाऊस मिळतो. तो पाहताना स्वतःच्या मंडळाबरोबर तुमच्या नदीच्या वरच्या अंगाची मंडळंही बघा, तालुका आणि जिल्हा बदलला तरी.

महाडला सावित्रीची इशारा पातळी ६ मीटर आणि धोका पातळी ६.५ मीटर धरतात. पावसाळ्यात हे आकडे मोबाइलवर फिरत असतात आणि लोक त्यावरून आपापल्या गावची परिस्थिती ठरवतात. तसं करू नका. ती पातळी त्या ठिकाणच्या मोजपट्टीची आहे. पंधरा किलोमीटर वर, अरुंद पात्राच्या काठी बसलेल्या तुमच्या वाडीला तिचा थेट उपयोग नाही. महाडला आणखी एक घटक आहे, तो म्हणजे भरती. २०२१ चा पूर गुरुपौर्णिमेच्या दोन दिवस आधीचा. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमाराला उधाणाची भरती असते, तेव्हा खाडी नदीचं पाणी घेत नाही आणि ते शहरात चढत राहतं. त्यात गांधारी महाडपाशीच येऊन मिळते. तुमच्या पोलादपूरच्या वरच्या अंगाला भरतीचा प्रश्न नाही, तिथं प्रश्न आहे तो पाण्याच्या वेगाचा. महाडच्या पुरात माणूस माळ्यावर चढून वाचू शकतो. वरच्या अंगाला पाणी कमरेएवढंच असेल, पण ते दगड घेऊन येतं. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा धक्का चौपट होतो. तिथं जोतं चार फूट उंच बांधलं म्हणून काम भागत नाही, कारण पाणी जोतंच खालून पोखरतं.

आता नकाशाबद्दल. आपल्याकडे जलसंपदा विभाग दोन पूररेषा आखतो. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी ते निळी रेषा हा निषिद्ध पट्टा, निळी ते लाल हा नियंत्रित पट्टा. पाटबंधारे कार्यालयात लेखी अर्ज करून तुमच्या गट क्रमांकाजवळ या रेषा आखल्या आहेत का, हे विचारा. मिळाल्या तर उत्तमच. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा.

एक म्हणजे ‘शंभर वर्षांतून एकदा’ याचा अर्थ एकदा येऊन गेला की शंभर वर्षं सुट्टी, असा नाही. दर वर्षी तो येण्याची शक्यता शंभरात एक, एवढाच त्याचा अर्थ. तुम्ही त्या घरात तीस वर्षं राहणार असाल तर त्या तीस वर्षांत लाल रेषेपर्यंतचं पाणी निदान एकदा बघण्याची शक्यता शंभरात सव्वीस येते. निळ्या रेषेचं हेच गणित केलं तर शंभरात सत्तर. म्हणजे निळ्या रेषेच्या आत घर बांधणाऱ्याने पूर येईल का हे विचारायचं नसतं, कधी येईल हेच विचारायचं असतं.

दुसरी गोष्ट तुमच्या दृष्टीने जास्त महत्त्वाची. या रेषा आखल्या जातात त्या मोठ्या नद्यांच्या. डोंगरातल्या एका वाडीच्या कडेने जाणाऱ्या वहाळाची पूररेषा मी इतक्या वर्षांत एकाही कार्यालयात पाहिलेली नाही. तुमच्या जागेचं खरं भांडण त्या वहाळाशी आहे, आणि त्याचा नकाशा तुम्हालाच करावा लागणार आहे.

हे ऐकायला अवघड वाटतं, पण करायला तितकं नाही. गुगल अर्थवर तुमच्या जागेपासून वहाळाचा माग काढत वर कड्यापर्यंत जा. ज्या ज्या उताराचं पाणी त्या वहाळात उतरतं तो सगळा भाग रेषेने वेढून घ्या. क्षेत्रफळ संगणक सांगतो. समजा ते दोन चौरस किलोमीटर भरलं. तासाला शंभर मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातला ऐंशी टक्के वाहून आला (जुलैच्या शेवटी, भिजलेल्या जमिनीवर तेवढा येतोच), तर त्या वहाळातून सेकंदाला चव्वेचाळीस घनमीटर पाणी येईल. दहा हजार लिटरचे चार टँकर दर सेकंदाला तुमच्या बांधावरून ओतले जात आहेत असं समजा. आता रस्त्यावर जाऊन त्या वहाळाची मोरी, म्हणजे रस्त्याखालून पाणी जायची वाट, बघा. तिथं बहुधा तीन फुटी सिमेंटचे दोन नळ टाकलेले असतील. त्यातून सेकंदाला तीन-चार घनमीटर पाणी जाऊ शकतं, आणि तेही नळाच्या तोंडाशी एकही ओंडका अडकला नाही तर. उरलेलं चाळीस घनमीटर कुठं जाणार? रस्त्याला अडून ते तुमच्या बाजूला वळतं की पलीकडच्या, हे तिथं उभं राहून जमिनीचा उतार बघितला तर समजतं. घरात पाणी येण्याची कारणं शोधायला मी ज्या ज्या डोंगराळ वाड्यांत गेलो, त्यातल्या अर्ध्याअधिक ठिकाणी उत्तर नदीपाशी नव्हतं, मोरीपाशी होतं.

यावरून एका आजीची आठवण झाली. २०२१ नंतरच्या दिवाळीत आम्ही एका वाडीत पूरखुणा मोजत होतो. तिचं घर नदीपासून चांगलं उंचावर होतं. नदीच्या पाण्याची पातळी आम्ही काठावरच्या झाडांवर अडकलेल्या काडीकचऱ्यावरून काढली होती. ती तिच्या उंबऱ्याच्या बऱ्याच खाली होती आणि तरी तिच्या ओटीच्या भिंतीवर गुडघाभर उंचीला गाळाची रेघ. माझ्याबरोबरचा पोरगा म्हणाला, लेव्हल चुकली. पुन्हा लावली, तोच आकडा. आजी सगळं बघत बसली होती. शेवटी म्हणाली, ‘पानी म्होरनं नाय आलं बाबा, मागनं आलं.’ तिने आम्हाला परसात नेलं. तिथं गोठ्याच्या भिंतीला नदीच्या उलट बाजूने माती थापल्यासारखी चिकटली होती, आणि त्या मातीत नारळाएवढे, कोपरे न झिजलेले दगड होते. नदी दगड घासून गोल करते. कोपरे शाबूत असलेला दगड लांबून आलेला नसतो, तो मागच्या उतारावरून आलेला असतो. वर जाऊन पाहिलं तर पन्नास-साठ मीटरवर वहाळाने काठ फोडून नवी वाट केली होती. आम्ही दोन दिवस यंत्र लावून जे शोधत होतो ते तिने एका वाक्यात सांगितलं, कारण ती त्या रात्री त्या घरात होती.

लोकांना विचारायचं ते यासाठी. पण विचारायची पद्धत असते. ‘इथं पाणी येतं का?’ असं विचारलं की उत्तर विचारणाऱ्याकडे बघून मिळतं. जागा घ्यायला आलेला असेल तर ‘छे छे’ आणि नुकसानभरपाईचा माणूस वाटला तर ‘दरवर्षी’. त्याऐवजी ‘त्या रात्री तुम्ही कुठं होता? गुरं कधी सोडली? पाणी आधी कुठल्या दाराने आलं? उतरायला किती वेळ लागला? विहिरीचं पाणी किती दिवस गढूळ होतं?’ असे प्रश्न विचारा. खरा अनुभव असलेला माणूस अशा प्रश्नांना थांबून, आठवून उत्तर देतो. बायकांना आवर्जून विचारा. चुलीपर्यंत पाणी आलं का, भाताची कणगी भिजली का, हे त्यांना बोटावर सांगता येतं. गुराखी, लाइनमन, एसटीचे जुने चालक, शाळेचे निवृत्त गुरुजी हेही चांगले साक्षीदार. वर्ष आठवत नसेल तर ओळखीचा संदर्भ द्या. थोरली लेक तेव्हा किती वर्षांची होती, बैल कुठला होता, वीज आली होती का. आणि कुठलीही गोष्ट तीन वेगळ्या घरांतून ऐकल्याशिवाय वहीत पक्की लिहू नका.

तुमच्या चुलत्यांनाही हेच विचारा. २०२१ च्या त्या रात्री ते गावात होते का? लॉकडाऊननंतरचा काळ होता, काही गावात अडकले होते, काही मुंबईत. नसतील तर ‘पाणी आलं नव्हतं’ हे त्यांनी नंतर कोरडी जमीन पाहून म्हटलं असेल. उतारावरचं पाणी तासाभरात निघून जातं आणि आठ दिवसांत त्यावर गवत येतं. मोकळ्या जागेत भिंत नसते, म्हणून रेघही उरत नाही.

तोंडी इतिहासाला कागदाचा आधार हवा असेल तर पंचनामे काढा. अतिवृष्टीनंतर तलाठी घरोघर पंचनामे करतात आणि मदतवाटपाच्या याद्या तहसील कार्यालयात जातात. २००५ आणि २०२१ च्या तुमच्या गावच्या याद्या माहितीच्या अधिकारात मागता येतात. कुणाचं घर पूर्ण पडलं, कुणाचं अंशतः, कुणाची शेतजमीन खरवडून गेली आणि कुणाच्या खाचरात गाळ साचला हे त्यात नावानिशी असतं. त्या याद्या आणि गावचा गट नकाशा शेजारी ठेवून नुकसान झालेले गट पेन्सिलीने रंगवले की पाण्याची वाट कागदावर उमटते. एवढं साधं काम आहे, आणि जागा घेणाऱ्या शंभरांतला एकही ते करत नाही. ‘जमीन खरवडून गेली’ हा शेरा असलेले गट विशेष बघा. तिथं पाणी नुसतं साचलं नव्हतं, वाहत होतं.

पोलीस पाटलाला भेटा. गावच्या देवळाच्या किंवा शाळेच्या भिंतीवर कुणी पुराची खूण करून ठेवली आहे का बघा. गावांच्या नावांवरून मात्र घाईने निष्कर्ष काढू नका. ‘कोंड’ म्हणजे नदीतला खोल डोह हे खरं, पण आपल्याकडे कोंड म्हणजे वस्ती, वाडीही. नावात कोंड आहे म्हणून पाणी येतं असं ठरवून एका गृहस्थांनी चांगली कोरडी जागा सोडून दिलेली मला माहीत आहे.

तारखांकडे जरा बघा. आंबा नदीच्या पुरात जांभुळपाडा उद्ध्वस्त झालं ते १९८९ च्या जुलैच्या शेवटच्या आठवड्यात. महाड तालुक्यात दासगाव, जुई, रोहन, कोंडीवते इथं दरडी कोसळून दीडशेच्या वर माणसं गेली ती २५-२६ जुलै २००५. माळीण गाव दरडीखाली गेलं ते ३० जुलै २०१४. सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल दोन एसटी गाड्यांसह वाहून गेला तो २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री. महाडचा पूर आणि तळीयेची दरड २२ जुलै २०२१. इर्शाळवाडीची दरड १९ जुलै २०२३. इथं योगायोग नाही. जूनभर आणि अर्धा जुलै जमीन पाणी पिते. माती, मुरूम, कातळाच्या फटी सगळं भरत जातं. जुलैच्या उत्तरार्धात ती आणखी पिऊ शकत नाही. त्यानंतर पडलेला प्रत्येक थेंब एकतर वाहतो, नाहीतर आतून डोंगराला ढकलतो. जूनमध्ये दोनशे मिलिमीटर पाऊस पडला तर लोक खूश होतात, लावणीची तयारी करतात. तोच पाऊस जुलैच्या शेवटी पडला की आम्हाला झोप येत नाही.

आता डोंगराबद्दल, कारण तुमच्या जागेमागे तो आहे. महाड तालुक्यातलं तळीये गाव नदीच्या पुरात गेलं नाही, दरडीखाली गेलं. त्याच दिवशी पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीत माणसं गेली, तीही दरडीखाली. तळीयेत ऐंशीहून अधिक बळी गेले. मदत वेळेवर पोचू शकली नाही, कारण खाली महाडच पाण्यात होतं आणि रस्ते बंद होते. नदीपासून लांब, उंचावर, पिढ्यानपिढ्या नांदती वाडी होती ती. म्हणून ‘जुनी वस्ती आहे, म्हणजे पूर्वजांनी बघूनच वसवली असणार’ हा युक्तिवाद मी अर्धाच मान्य करतो. पुरापुरता तो बहुतेक वेळा बरोबर ठरतो. जुनी घरं नदीपासून उंचावर आणि भातखाचरं खाली, ही मांडणी शहाणपणाची आहे, आणि आज खाचरातल्या सपाट जागेवर बंगले उठताहेत हे बघून जीव तुटतो. पण दरडीचा अंदाज वस्तीच्या वयावरून येत नाही. दोनशे वर्षं उभा असलेला उतार एका रात्रीत खाली येतो, विशेषतः मधल्या काळात त्याचा पायथा कुणी कापला असेल तर.

दरड कशी घसरते ते समजून घ्या, म्हणजे काय बघायचं ते कळेल. आपल्याकडे खाली काळा कातळ, त्यावर झिजलेल्या दगडाचा मुरूम आणि माती यांचा जाड थर. पाणी मातीतून मुरतं, कातळापाशी येऊन अडतं आणि तिथं साचतं. वरचा थर जड होतो, खालचा निसरडा होतो. म्हणून दरडीच्या आधी डोंगर पाण्याच्या खुणा देतो. नेहमीचे उमाळे सोडून भलत्याच ठिकाणी झरा फुटतो, स्वच्छ झऱ्याला अचानक गढूळ पाणी येतं, माळावर धनुष्यासारखी वाकडी भेग पडते, विजेचे खांब किंवा झाडं उताराकडे कलतात, दारं-खिडक्या एकाएकी बसेनाशा होतात. सगळ्यात वाईट खूण म्हणजे मुसळधार पावसात वहाळाचं पाणी एकदम कमी होणं. त्याचा अर्थ वर कुठं तरी दरड आडवी पडून पाणी तुंबलं आहे, आणि ते फुटणार आहे. त्या क्षणी सामान गोळा करत बसायचं नाही. वहाळाच्या वाटेतून बाजूला, आडव्या दिशेने, उंचाकडे निघायचं.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने दरडप्रवण भागांचे नकाशे केले आहेत. ते ‘भूकोश’ संकेतस्थळावर बघायला मिळतात. जरूर बघा. पण एकास पन्नास हजार प्रमाणाच्या नकाशावर एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर. तुमचे दहा गुंठे, म्हणजे साधारण बत्तीस मीटर बाजूचा चौकोन, त्या नकाशावर टाचणीच्या टोकाएवढे असतील. परिसर लाल रंगात असेल तर तो इशारा पक्का मानावा. पिवळा किंवा हिरवा असेल तर त्यावरून घराची जागा ठरवू नये.

त्यापेक्षा खड्डा खणा. घराच्या नियोजित जागी माणूसभर खोल, दोन ठिकाणी. खर्च फार नाही आणि पायासाठी तो कधीतरी खणावाच लागणार आहे. भिंती साफ करून थर बघा. गोल गोट्यांचा आणि वाळूचा थर लागला तर तिथं कधीकाळी नदी वाहत होती. माती, चिखल आणि कोपऱ्यांचे लहानमोठे दगड एकमेकांत कालवल्यासारखे असतील तर तो राडा डोंगरावरून आलेला आहे. असे दोन-तीन थर एकावर एक आणि मध्ये काळसर मातीची पट्टी असेल तर तो राडा एकदाच आलेला नाही, पुन्हा पुन्हा आलेला आहे. मधली पट्टी म्हणजे दोन घटनांच्या दरम्यान तिथं गवत-झाडं वाढली तो काळ. कुणालाही न आठवणारा इतिहास हा खड्डा दाखवतो. एक गोष्ट खास बघा. वहाळ डोंगरातून बाहेर पडतो तिथं पंख्यासारखी पसरलेली, किंचित उतरती, पाण्याचा निचरा होणारी सुंदर जागा असते. फार्महाउसवाल्यांना ती फार आवडते. ती जागा वहाळानेच राडा टाकून केलेली असते आणि तो आपली जागा बदलत त्याच पंख्यावर इकडून तिकडे फिरत असतो. तुमच्या वर्णनातली ‘मागे डोंगर, डावीकडे वहाळ, मध्ये छान सपाटी’ वाचून मला हीच शंका आली.

इतिहासाबरोबर, तेव्हापासून काय बदललं हेही मांडावं लागतं. २००५ मध्ये पाणी आलं नाही तो उतार आज तसाच आहे का? वर कुणी प्लॉट पाडण्यासाठी जेसीबीने टप्पे काढले का? नवा रस्ता डोंगर कापून गेला का आणि त्याची माती वहाळात ढकलली का? महामार्गाचा भराव आडवा आला का? साकवाच्या (ओढ्यावरच्या छोट्या पुलाच्या) जागी बुटकी मोरी आली का? गुगल अर्थमध्ये जुनी उपग्रहचित्रं तारखेनुसार मागे नेऊन बघता येतात. दर दोन-तीन वर्षांचं एक चित्र काढून शेजारी शेजारी ठेवा. बदल मोठा असेल तर चुलत्यांचा अनुभव कितीही खरा असला तरी तो वेगळ्या डोंगराचा अनुभव आहे.

वाटेचाही विचार करा. घर कोरडं राहील, पण गावाकडे येणारा साकव गेला तर चार दिवस तुम्ही अडकाल. निवृत्तीनंतर राहणार आहात. रक्तदाबाच्या गोळ्या, दवाखाना, वीज, मोबाइलचा टॉवर हे सगळं त्या एका वाटेवर अवलंबून आहे का, ते बघा. सावित्रीचा पूल गेला त्या रात्री गाड्यांतल्या लोकांना पुढे पूल नाही हे अंधारात दिसलंच नाही. रात्रीच्या मुसळधार पावसात ओढ्यावरून पाणी जात असेल तर गुडघाभरही असलं तरी गाडी घालू नका, खालचा रस्ता शाबूत आहे की नाही हे वरून कळत नाही. विम्याचं म्हणाल तर २०२१ पासून सगळ्या कंपन्यांकडे ‘भारत गृह रक्षा’ ही घराची एकसारखी पॉलिसी मिळते, त्यात पूर आणि दरड दोन्ही येतात. बांधकाम झालं की घ्या. तिने घराचे पैसे मिळतील, एवढंच.

तर तुम्ही आता काय करायचं? या वर्षी पाया खणू नका. दिवाळीनंतर दोन खड्डे घ्या, वहाळाचा माग काढत चालत वर जा (गावातला एखादा जाणता गुराखी बरोबर घ्या), मोरीचं माप घ्या, पंचनाम्यांसाठी अर्ज टाका. पुढच्या जुलैत, शेवटच्या दहा दिवसांत, गावच्या पक्क्या सुरक्षित घरी मुक्काम करा आणि पाऊस लागला की दिवसाउजेडी, लांबून, तुमच्या जागेकडे बघत राहा. पाणी कुठून उतरतं, कुठं थांबतं, कुठल्या रंगाचं आहे, तासाभराने किती राहतं, याचे फोटो वेळेसकट ठेवा. ओळखीच्या एका झाडाला किंवा खांबाला फूटभर अंतराने रंगाच्या रेघा मारून ठेवल्यात तर फोटोवरून उंची मोजता येईल.

तुमच्या सातबाऱ्यावर याच गावात आणखी एखादा गट असेल तर तोही बघून ठेवा. वरकस, म्हणजे हलकी उताराची जमीन, म्हणून कुणी लक्ष न दिलेला, कातळ वर आलेला, वहाळ आणि कडा दोन्हींपासून बाजूला असलेला तुकडा घरासाठी अनेकदा उत्तम निघतो. पाणी वर चढवायचा खर्च येतो, झाडं लावायला माती आणावी लागते. खड्ड्यांचे फोटो, वहाळाचं क्षेत्रफळ आणि मोरीचं माप हाती आलं की मला कळवा. दोन्ही गटांची तुलना आपण बसून करू.